सहा इंजिनांची भाग्यलक्ष्मी

तारनाक्याला रेल्वेची एक प्रशिक्षण संस्था आहे. तिथल्या मॉडेल रूमची किल्ली सव्वीस वर्षं भाग्यलक्ष्मीबाईंच्या कमरेला आहे. पद शिपायाचं, पण तोरा स्टेशनमास्तरचा. नवरा याच संस्थेत होता. तो गेला तेव्हा ही भालकीकडची शेतकऱ्याची लेक त्याच्या जागी लागली. खोलीभर पसरलेलं टेबल, त्यावर रूळ, सांधे, बोगदे, बोटभर उंचीचे सिग्नल आणि वीतभर लांबीची सहा इंजिनं. सिग्नल खात्यातली नवी पोरं यांच्यावरच शिकून मोठी झाली. एखाद्याने इंजिन शेपटीकडून उचललं, तर तो पुढे अधिकारी होणार असला तरी बाई त्याची गय करत नसत.

दिवाळी सरली आणि पहिल्या नंबरचं इंजिन तापायला लागलं. तिसऱ्या फेरीला टप चटका देई, चौथ्या फेरीला जळका वास येई आणि गाडी बोगद्यात रुसून बसे. बड्या साहेबांना निमित्तच हवं होतं. सोमवारी समिती येणार. तिच्यासमोर गाडीने धड दहा फेऱ्या मारल्या नाहीत, तर टेबल मोडून कॉम्प्युटर बसवायचे, असा हुकूम झाला. बाईंची नोकरी जाणार नव्हती, कुठेतरी चहाच्या खोलीत बसवलं असतं. पण आपली सहा लेकरं भंगारवाल्याच्या काट्यावर चढणार, हे काही त्यांना सोसेना.

शुक्रवारी दुपारी ओंकार दुरुस्तीला बसला. पुण्याहून आलेला हा तरुण शिक्षक. तोंडात साखर, हातात मीटर. त्याने रूळ स्पिरिटने पुसले, गाडी चालवली, मीटर पाहिला. "मावशी, मोटर दुप्पट करंट खातेय." मोटर जळाली, असं सगळेच म्हणत होते. त्याने चार बारीक स्क्रू काढले आणि टप उचलला.

बाई वाकून पाहू लागल्या. आतल्याला हात लावायचा नाही, असं त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि बाईंनी कधी डोकावूनही पाहिलं नव्हतं. आत सुपारीएवढी मोटर होती. तिच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा लावून, कुठेही न चुकता गुंडाळलेली.

"एवढंसं हे आठ डबे ओढतंय साब?"

"एवढंच."

बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याच्या पाठीवरून फडकं फिरवलं, त्याच्या पोटात हे नवल होतं! कुणी केलं असेल, कुठल्या डोळ्यांनी, कुठल्या बोटांनी? देवळातसुद्धा त्यांनी इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

ओंकारने मोटर चाकांपासून सोडवून एकटीच चालवली. दहा मिनिटं झाली, तरी ती थंडगार. म्हणजे चोर सोडून संन्याशालाच सुळी! मग त्याने दात्यांची चाकं बाहेर काढली. दात्यांच्या फटींत काळपट तांबडा थर घट्ट बसला होता. त्याचा चेहरा उतरला.

"गंज आहे. दाते आतून खाल्लेत, म्हणून मोटरवर भार येतोय. मावशी, ही चाकं आता कुठे मिळत नाहीत." आणि 'दुरुस्तीस अयोग्य'चा कागद त्याने पुढे ओढला.

बाईंनी तो तांबडा रंग पाहिला आणि त्या टेबलावर आणखी खाली वाकल्या. त्यांनी तो ओळखला. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गंज तो गंज. बोललं तर सरकारी वस्तूची नासधूस, वर मेमो, आणि निवृत्तीला उरलेली चार वर्षं. ओंकारचं पेन कागदावर टेकलं.

"लिहू नका साब, नक्को! तो गंज नाही. कुंकू आहे. मीच लावलंय."

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रं पुजतात, तशा बाई दरवर्षी ही इंजिनं पुजत. पाण्यातलं कुंकू वाळून झडतं, म्हणून यंदा तिळाच्या तेलात कालवलं. पहिलं इंजिन मानाचं, त्याला भरघोस बोट. टपावरच्या जाळीतून ते ओघळून थेट दात्यांत उतरलं आणि तिथेच चिकटून वाळलं. करायला गेल्या पूजा, आणि देवालाच ताप चढवून बसल्या.

ओंकारने थर नखाने खरवडून हुंगला. रॉकेलच्या वाटीत चाकं टाकून ब्रश फिरवला. रॉकेल लालभडक झालं आणि खालून पितळेचे दाते वर आले. पिवळेधमक, एकही न झिजलेला.

गाडी जुळवून रुळावर ठेवली. चार फेऱ्या झाल्या. दहा झाल्या. बाराव्या फेरीला बाईंनी भीत भीत टपावर तळवा टेकवला. जेमतेम कोमट! त्यांनी दोन्ही हात जोडले. गाडीला की त्या पोराला, त्यांनाही सांगता आलं नसतं.

ओंकारने कागदावर लिहिलं, 'दात्यांत मळ साचला होता. साफ केला.' मग विचारलं, "बाकीच्या पाचांनाही लावलंय?"

"सगळ्यांना साब," बाई खालमानेने म्हणाल्या. "थोडं थोडं."

त्याने दुसरं इंजिन त्यांच्यापुढे सरकवलं आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. "मग हे तुम्ही उघडा."

बाईंनी पदराला हात पुसले. पहिला स्क्रू त्यांनी उलटाच पिळला, मग सुलटा. चौथा निघाला तसा टप अलगद हातात आला. आत तांबं लखलखत होतं. "थांबा साब, आत्ता काही बोलू नका," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि डोळे भरून आले तरी बघतच राहिल्या.