देवीची झोप आणि अंबादास मास्तर

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पुढचा मजकूर वाचताना कुणी खोकू नये, भांडे आपटू नये आणि हसू आलेच तर पदरात किंवा धोतराच्या सोग्यात हसावे. आई झोपली आहे. हुकूम माझा नाही, अंबादास मास्तरांचा आहे.

तुळजापूरला नवरात्राआधी देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. घटस्थापनेपर्यंत ती झोपते. गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, पण म्हणून कुणी घरातलं जातं थांबवलं नव्हतं. मास्तरांनी थांबवलं. एरवी हा माणूस वर्गात हजेरी घेताना ‘हाजिर’ म्हणून गरजला, की पलीकडच्या गल्लीतला न्हावी वस्तरा थांबवून ‘जी’ म्हणायचा. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण मास्तरांच्या तोंडचा तो शब्द आणि तो आवाज जागच्या जागी होते. देवी निजली की मात्र आवाज कुलपात. विहिरीच्या रहाटाला तेल, गाईच्या गळ्यातल्या घंटेला चिंधी, आणि घरादारानं कुजबुजायचं.

मी त्यांच्याच शाळेत नवा मास्तर आणि त्यांच्याच पुढच्या खोलीत भाडेकरू. म्हणजे सुटका कुठेच नव्हती. पहिल्याच वर्षी तपासणीचे साहेब वर्गाच्या दारात येऊन थबकले. आत पोरं नुसते ओठ हलवत डुलत होती.

“मास्तर, पोरं गप्प का?”

“गप्प न्हाईत साहेब,” मास्तर त्यांच्या कानाशी वाकले. “एकोणतीसचा पाढा चाललाय.”

साहेब शेरा सांगून गेले तेही कुजबुजतच.

मी विचारलं, “मास्तर, देऊळ कुठं, शाळा कुठं. इथला आवाज तिथं जातो का?”

“तुमचा नवस जातो ना तिथवर? मग पाढा काय वाटेत बसतो?”

रिकाम्या सिंहासनालाही ते रोजच्यासारखाच नमस्कार करत. म्हणत, “जागा रिकामी दिसली की लोकांचा धीर सुटतो. अहो, दिसत न्हाई म्हणजे गेली का कुठं? हितंच हाय. निजलीय.”

पुढच्या वर्षी त्यांची लेक सुमन बाळंतपणाला माहेरी आली. तिचं पहिलं मूल जन्मलं ते रडलंच नव्हतं, आणि गेलं होतं. त्यामुळे मास्तरांची मंडळी, म्हणजे आमच्या काकू, सारख्या देव्हाऱ्याकडे बघत. त्यात दिवस भरले ते नेमके देवीच्या निद्रेत.

“झोपलेल्या देवीला आता काय सांगायचं?” काकू कुजबुजल्या.

“लेकरानं नुसती कूस बदलली तरी आईला झोपेत कळतं,” मास्तर म्हणाले. “तिला सांगावं लागतं व्हय?”

एका दुपारी हुसेनबी सुईण आत गेली आणि दार लागलं. मास्तर गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे. मी उगाचच अंगणात. बऱ्याच वेळानं हुसेनबीचा आवाज आला, “पोरगी झाली.”

आणि पुढं काहीच नाही. रडणं नाही, हुं की चूं नाही. वर्षानुवर्षं मास्तरांनी हौसेनं जपलेली शांतता त्या दिवशी त्यांच्याच अंगावर आली. आतून फक्त हुसेनबीच्या चापट्या ऐकू येत होत्या.

काकू उंबऱ्यात आल्या. “अहो, हाक मारा देवीला. तुमचा आवाज जातोय देवळापतुर. मोठ्यानं मारा.”

मास्तरांनी गाईच्या घंटेवरची चिंधी घट्ट धरली होती. “तिला ठावं हाय,” ते इतक्या हळू म्हणाले, की मला ते ओठांवरूनच वाचावं लागलं.

तेवढ्यात आतून कोरड्या रहाटासारखं काहीतरी कुरकुरलं. एकदा, मग पुन्हा. आणि मग असा टाहो फुटला, की गाय दावणीला हिसडा देऊन मागं सरली. आवाज कुणावर गेलाय, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, आणि इतक्या वर्षांचा वचपा काढायची संधी सोडली नाही. कुजबुजून म्हणाल्या, “नातीला म्हणावं हळू. आई झोपलीय.”

मास्तरांनी हातातली चिंधी ओढून काढली. घंटा खणकन वाजली. आणि पलीकडच्या गल्लीत वस्तरा थांबावा अशा आवाजात ते बोलून गेले,

“रडू दे तिला! उठली आई तर उठू दे, नात बघंल आन् निजंल परत!”