नवसांच्या फेरीत राहून गेलेली भेट

करीमभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी मुंजोबासमोर नारळ फोडत होतो... तोही त्याच्यासाठीच.

करीमभाई मूळचा धुळ्याकडच्या नरडाण्याचा. रावेरला आमच्या शेडवर ट्रकांत केळी भरायला आला आणि तीस वर्षं राहिला. ट्रकमध्ये पाल्याची गादी अशी घालायचा, की दिल्लीला उतरेपर्यंत केळीला आपण शेत सोडल्याचा पत्ता नसे. जेवणाच्या सुटीत आमचं भांडण ठरलेलं : देव एक की अनेक? मी म्हणायचो, "आमच्याकडे पावसाचा वेगळा, विंचवाचा वेगळा, म्हशीचा वेगळा. तुमच्या एकट्यावर केवढा बोजा!" तो डबा उघडत म्हणे, "नाना, मंग वादळमा तुनी बाग आडवी पडनी, तवय बठ्ठा देव कोठे गयात?" "मीटिंगला. एकमत होईना." तो असा हसे, की शेडवरची कबुतरं थेट बऱ्हाणपूरला जाऊन बसत. एकदा मात्र गंभीरपणे म्हणाला, "मना देव एकच शे, म्हनीसन मी दारोदार पळत नही. एक जागे बसस, मांगस." मी विचारलं, "आणि त्या एकाच दारातून नाही म्हटलं, तर माणसानं जायचं कुठं?" तो डबा झाकून ट्रककडे गेला. आपण जिंकलो, हे मी चार तालुक्यांत सांगितलं.

मग तो जळगावला दवाखान्यात पडला. फोनवर बारीक आवाज : "नाना, नवस नको करू. तू ये." मी "येतोच" म्हणालो आणि मारुतीकडे निघालो. मारुतीला सांगितलं तर म्हसोबा रागावेल, म्हसोबाला सांगितलं तर कानबाई रुसेल... चार दिवसांत तेहतीस कोटींतले निम्मे उरकले. खरं सांगू? नळ्या लावलेला करीमभाई बघायची छाती नव्हती. देवळात ते बघावं लागत नव्हतं.

मातीनंतर त्याच्या घरी भाभी म्हणाल्या, "दार वाजलं की विचारायचे, नाना आला का?" मी त्याच्यासाठीच फिरत होतो, हे सांगायला तोंड उघडलं आणि तसाच चपला घालून निघालो.

केळीच्या शेडमध्ये मागच्या खांबाआड तो दुपारी नमाज पढायचा. तेवढ्या जागेत अजून कुणी क्रेट ठेवत नाही. परवा मी तिथं जाऊन बसलो. कुणापुढे, ते ठरवलं नाही... उशीर झाला, एवढंच सांगितलं. भरायची गाडी लागली म्हणून बाहेरून हाका येत होत्या. मी उठलो नाही.