सोयरिकीच्या बैठकीत सांडलेला कॅट

उजवं मनगट मोडल्यावर दौंडच्या डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या आणि भावानं पत्ते दिले. गोळ्या कधीच संपल्या. पत्ते अजून चालू आहेत.

मनगट मोडलं ते स्कूटीवरून पडून. (स्कूटी स्टँडवर उभी होती. याहून जास्त विचारू नका.) प्लास्टर काढलं तेव्हा बोटं अशी ताठली होती की भाकरी थापायला बसले तर परातीत नुसते फटके बसायचे. डॉक्टर म्हणाले, "बोटांना सारखं काहीतरी काम द्या." माझा धाकटा भाऊ सणसवाडीला कंपनीत आहे. त्याच्या रूमवरची मुलं मोबाईलवर बघून पत्ते फिरवायला शिकली होती. खेळायचे नाहीत हां, नुसते फिरवायचे! एका हातानं कापायचे, हवेत उडवून झेलायचे, बोटांवर नाचवायचे. त्यानं मलाही एक कॅट आणून दिला आणि म्हणाला, "ताई, हाच तुझा व्यायाम."

आता आमच्या भांडगावात पत्ते म्हणजे पारावरच्या मंडळींच्या हातातले, कोपरे दुमडलेले, तंबाखूचा वास येणारे. मी नाक धरूनच डबी उघडली आणि बघतच बसले. पाठीला कडेपर्यंत मोरपंखी निळा रंग आणि एका कोपऱ्यात दोन नारिंगी पाकळ्या. एकटं पान बघितलं तर वाटावं, छापणाऱ्याच्या हातून रंग सांडला. पण सगळ्या पानांचा गोल पंखा केला की त्या पाकळ्या एकमेकींना मिळून मधोमध अख्खा झेंडू फुलायचा! आणि पान असं गुळगुळीत, की एकावरून दुसरं आपसूक घसरावं. मला वेडच लागलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पंखा, दूध तापेपर्यंत पंखा. (दूध बऱ्याचदा उतू जायचं. पंखा मात्र छान जमायचा.)

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. दोघांनाही हा व्यायाम पसंत नव्हता. मामांना पत्त्यांचा इतका राग, की पाराजवळून जाताना ते रस्त्याची दुसरी बाजू धरायचे. त्यात माझी नणंद सारिका हिला बघायला शिरूरकडचे पाहुणे यायचे ठरले. मुलगा महेश, सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर. सारिकाला तो फोटोतच आवडला होता. दोनदा फोनवर बोलणंही झालं होतं, हे फक्त मला माहीत. ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "वहिनी, या वेळी काही घोळ घालू नका. पाया पडते."

"मी कुठं घोळ घालते?"

"मागच्या वेळी पोह्यात दोनदा मीठ कुणी घातलं होतं?"



पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच आत्यांनी दम भरला. "ती डबी दिसली तर चुलीत घालीन बघ!" म्हणून मी कॅट डबीतून काढून रुमालात गुंडाळला आणि कमरेला खोचला. आपल्या अंगावर असलेलं कुणाला दिसत नाही, हा माझा समज.

पाहुणे आले. महेश, त्याचे आईवडील आणि त्याचे मोठे चुलते आण्णा. बोलणं सगळं आण्णांचं. पांढरी टोपी, जाड चष्मा, आणि प्रश्न असे विचारायचे की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलंय.

"जमीन किती?" झालं. "पाणी?" झालं. मग आण्णांनी चष्मा वर केला. "आन् घरात कुणाला काय नाद?"

मामा ताठ झाले. "नाद? पाव्हणं, आमच्या घरात सुपारीचं खांड घावायचं न्हाई. आन् पत्त्याचं म्हणाल, तर एक पान न्हाई!"

नेमकी तेव्हाच मी आण्णांपुढे पोह्यांची बशी ठेवायला वाकले.

रुमाल सुटला. साधे पत्ते असते तर जागच्या जागी ढीग झाला असता, मी पदर टाकून झाकलाही असता. पण हे पडले चांगल्यातले! फरशीवरून ते असे सरसरत सुटले, की बैठकीच्या खोलीत एकाही माणसाचे पाय त्यांच्यापासून वाचले नाहीत. महेशच्या पायाशी राजा, त्याच्या आईच्या पदराखाली दश्शी, आणि मामांच्या अंगठ्यावर बरोब्बर जोकर!

आण्णांनी वाकून एक पान उचललं. "ह्ये काय म्हणायचं?"

मामांनी पायाकडे बघितलं. जोकर हसत होता. मामा म्हणाले, "औषध."

"औषध?"

"सूनबाईंचं. हात मोडला हुता त्यांचा. डॉक्टरनीच सांगितलंय."

"डॉक्टरनी पत्ते दिलं?"

"दौंडचा डॉक्टर हाय," मामा म्हणाले, जणू एवढ्यानं सगळा उलगडा व्हावा.

आण्णा खुर्चीत मागे टेकले. "मग घेऊन दाखवा की औषध! आमाला बी बघू द्या."

दाराआडून सारिका माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी गुडघ्यावर रांगत पाने गोळा केली, पाहुण्यांच्या पाया पडणंही त्यात आपोआपच झालं. मग उभी राहिले, श्वास घेतला आणि पंखा उघडला. गोल. पूर्ण. मधोमध झेंडू!

"आयला!" हे आण्णा म्हणाले. मग टोपी सारखी करत, "परत करा."

मी परत केला. मामा, ज्यांनी महिनाभर त्या कॅटकडे बघितलंसुद्धा नव्हतं, ते म्हणाले, "आमच्याच वावरातला झेंडू हाय त्यो!" (झेंडूचं पीक शेतात होतं खरं, पण भाव पडल्यामुळे त्याचं एवढं कौतुक आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.)

इथे थांबायला हवं होतं. पण कौतुक मला सोसत नाही. मी पाने डाव्या हातातून उजव्या हातात उडवायला घेतली. जमलं की कारंजं दिसतं. मनगटानं दगा दिला आणि कारंजं सरळ आण्णांच्या अंगावर गेलं! एक पान चष्म्याला लागलं, एक पोह्यांत उभं राहिलं. महेश तोंडावर हात धरून हसला, आणि दाराआडून सारिकाचंही हसू फुटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

आमचे हे कुरकुंभहून रात्रपाळी करून आले होते आणि तोवर कोपऱ्यात डुलक्या काढत होते. ते जागे झाले आणि काहीतरी सावरावं म्हणून बोलले, "ती जादू बी करती! तुमी काढलेलं पान वळखती."

"व्हय?" आण्णा पुढे सरकले.

मामा आता पुरते रंगात आले होते. "वळखती म्हंजी काय! पान वळखलं तर सोयरीक पक्की समजा!"

बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आण्णा शांतपणे म्हणाले, "आन् न्हाई वळखलं तर?"

 

जादू तशी सोपी. कॅटच्या तळाचं पान गुपचूप बघून लक्षात ठेवायचं. समोरच्यानं आपलं पान काढून वर ठेवलं आणि कॅट मधून कापला, की त्याचं पान तळाच्या पानाला जाऊन चिकटतं. मी पोह्यांतलं सोडून बाकीची पाने गोळा केली आणि तळाचं बघून ठेवलं. महेशनं एक पान काढलं, बघितलं, शेजारी आण्णांनीही मान वाकडी करून बघितलं. पान वर गेलं, कॅट कापला. एवढ्यात आतून आत्या ओरडल्या, "अगं, च्या किती कप टाकू?"

"आठ!" मी ओरडले.

मग पानं उलटत गेले, हवं ते पान सापडलं, त्याच्या शेजारचं बाहेर काढलं आणि महेशपुढे धरलं. "हे तुमचं पान!"

महेशनं पानाकडे बघितलं. मग दाराकडे.

"हेच," तो म्हणाला.

"आरं, पर तुजं तर..." आण्णा बोलायला लागले.

"हेच पान हुतं, आण्णा!" महेश जोरात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

आण्णांनी पुतण्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग पोह्यांतलं पान काढून धोतराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "पोरगं म्हणतंय तर हेच आसंल. बोला, साखरपुडा हितं करायचा का शिरूरला?"

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, तो तिथंच खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या.

पुढे लग्न होईपर्यंत मी गावात मान वर करून फिरले. बचत गटात, पिठाच्या गिरणीवर, हळदीला, जिथे चार बायका दिसतील तिथे हा किस्सा सांगितला. "सोयरीक कुणी जुळवली?" असं विचारून उत्तरही मीच द्यायचे.

लग्नानंतर सारिका पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी तिलाही तोच किस्सा ऐकवायला बसले. तिनं हसून माझा हात धरला. "वहिनी, ह्यांनी काढली हुती बदामची राणी. तुम्ही दावली इस्पिकची चव्वी."

"मग ते हेच का म्हणाले?"

ती नुसती लाजली. मी मात्र रात्रभर हिशेब लावत बसले. तळाला होती किलवरची सत्ती. आत्यांना आठ कप सांगितले आणि डोक्यात अठ्ठी जाऊन बसली! शेजार चुकला. चुकीच्या घरी जाऊन मी हक्कानं चव्वी उचलून आणली होती.

ही बातमी घरात राहिली नाही. आता मी कुणालाही पान काढायला सांगितलं आणि त्याच्यापुढे काहीही धरलं, तरी मामांपासून आण्णांपर्यंत सगळे न बघताच म्हणतात, "हेच, हेच!"

त्यामुळे सांगायला हरकत नाही, माझं आजवर एकही पान चुकलेलं नाही.