व्याह्यांचा न वाचलेला निबंध

जगातली निम्मी युद्धं खुर्चीवरून झाली आणि उरलेली हारावरून, असं छातीठोक सांगणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि देवानं तो नेमका माझा व्याही करून ठेवला. अकोल्याला जुन्या शहरात राहतात. कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला, तोही देशादेशांतल्या तहांचा. कोणता राजदूत कोणाआधी दारातून आत गेला, कोण रुसून उठला, हे सांगता सांगता त्यांचा चहा गार होतो. माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी दोन्हीकडच्या मामांना गोल बसवलं, म्हणजे पहिला कोणी नाही आणि शेवटचा कोणी नाही. वाढणाऱ्यांना सुरुवात कुठून करावी कळेना. भात गार झाला, पण रुसलं मात्र कोणी नाही.

इतिहासाची परिषद कुठेही असो, व्याही आपला निबंध घेऊन हजर. निबंध एकच. मोठ्या राष्ट्रांच्या तहाच्या बैठकीत एका चिमुकल्या देशाचा राजदूत दारापाशी बसलेला असतो, त्याची बोलायची पाळी येतच नाही, आणि तिकडे त्याच्या देशाची वाटणी होऊन जाते. वर्षानुवर्षं घासूनपुसून लिहिलेला हा निबंध त्यांना एकदाही वाचायला मिळाला नव्हता. कारण काय, तर मंचावर कोण कुठे बसणार, सत्कार आधी कोणाचा, हे ठरवायला सगळे यांनाच धरतात. मग सत्कार लांबतात आणि निबंधांचा वेळ सरतो.

यंदा अमरावतीची परिषद होती. गुडघे ऐकत नाहीत, ही शेवटचीच, असं ते मला म्हणाले होते. हार आमच्या पातूरच्या मळ्यातल्या फुलांचे, म्हणून मीही गेले. आधीच बजावलं होतं त्यांनी, "पाचच हार आना, विहीणबाई. या खेपेले मले वाचाचं हाय." मी सवयीनं सहा जास्तीचे नेले, ती माझी चूक.

पाच सत्कार झाले. तेवढ्यात यांना कोणी एक म्हातारे मास्तर मागे बसलेले दिसले. मला खूण केली, हार काढा. एकाला दिला म्हणून शेजारच्याला, त्याला दिला म्हणून पलीकडच्याला. अकरा हार संपले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. अध्यक्षांनी घड्याळ पाहून सांगितलं, उरलेले निबंध वाचले असं समजू. व्याह्यांनी कागदांची घडी केली आणि वर आभारही मानले.

परतीच्या एसटीत मी चिडलेच. "काहून केलं असं? आपल्याच हातानं आपला वेळ घालवला तुमी."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो म्हातारा दारापाशी बसला होता, विहीणबाई. कोनी पायतच नोतं त्याच्याकडं."

मी म्हटलं, वाचा आता, मी ऐकते. बडनेऱ्याला सुरुवात केली आणि मूर्तिजापूर मागे पडेस्तोवर वाचत होते. मधे खड्डा आला की ओळ हरवायची, ती परत पहिल्यापासून. पुढच्या सीटवरची बाई पोराला गप्प बसवून ऐकत होती. मला सगळं कळलं असं नाही. शेवटी त्यांनी, परिषदेत विचारतात तसं, काही प्रश्न, म्हणून विचारलं.

"मंग तो दारापासचा मानूस गेला कुठं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "घरी गेला असंल. कोनी लिहून नाही ठेवलं."

मी पिशवीत हात घातला. हार कुठला उरायला? तळाशी गळून पडलेलं शेवंतीचं एक फूल होतं, ते त्यांच्या हातावर ठेवलं. खिशात ठेवा म्हटलं, सुकेल. पण अकोला येईपर्यंत त्यांनी ते हातातच धरलं होतं.