सूर धरायची खूण

वांगं विकत घ्यायचं असलं तरी यशवंतकाका आधी त्याचं कौतुक करायचे. लिंबायतच्या बाजारात ते वांगं उन्हात फिरवून म्हणायचे, "देख भाऊ, काय रंग शे! देवाला गौरव असो!" भाजीवाली गुजरातीत वैतागायची, "काका, लेवानुं छे के फक्त जोवानुं?" आमच्याशी ते अहिराणी बोलत, देवाशी मात्र प्रार्थनेतली शुद्ध मराठी.

आमची भिंत एक. काका धुळ्याकडचे, पिढीजात ख्रिस्ती. उमेदीची सारी वर्षं लूमवर, यंत्रमागाच्या आवाजात गेली, तरी त्यांचा गळा खणखणीत. रविवारी त्यांच्या लहानशा चर्चमध्ये पहिली ओळ तेच उचलत. मग बाकीचे गात.

मी ग्रंथालयात काम करणारा, शंकेखोर. एकदा विचारलं, "काका, देवानं सगळी सृष्टी स्वतःच्या गौरवासाठी केली म्हणता. एवढी स्तुती त्याला लागते कशाला?"

"त्याले काय कमी शे? तुनी पोर पास व्हयनी तवय तू गल्लीभर पेढा वाटात. तुले भूक लागेल व्हती का?"

"नाही. आनंद मावत नव्हता."

"त्यानाबी नही मावना. म्हणून हाई बठं, हाई सारी सृष्टी. आपण पेढा खावाना नि 'वा' म्हणाना. तेवढाच आपला धंदा."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर जीव वाचला, आवाज गेला. नातवाच्या पाटीवर त्यांनी पहिल्यांदा लिहिलं, 'काकू आता सुखी.' आम्ही हसलो. ते पुसून त्यांनी खाली लिहिलं, 'वा कसं म्हणू?' रत्नाकाकूंनी ते वाचलं आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

ते चर्चला जाईनात. काकूंनी गळ घातली म्हणून एका रविवारी मी त्यांना धरून नेलं. पाळकांनी गीत सांगितलं. कुणीच सुरुवात करेना. काकांच्या देखत त्यांची ओळ उचलायची कशी? काका माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. लूमच्या खडखडाटात माणसं हातांनीच बोलतात. मूठ वर करून मनगट फिरवलं की अर्थ एकच : मशीन चालू कर. काकांनी मूठ वर केली, मनगट फिरवलं.

निम्मं चर्च लूमवालं. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि एकदम सगळे गायला लागले, जरा बेसूरच. काकांचा चेहरा वांगं बघताना व्हायचा तसा झाला. त्यानंतर दर रविवारी गाणं त्यांच्या मुठीतूनच निघायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. कबरीवर माती पडली, पाळकांनी गीत सांगितलं आणि पुन्हा कुणीच सुरुवात करेना. रत्नाकाकूंनी डोळे पुसले, पदर सावरला. मग त्यांनी मूठ वर केली आणि मनगट फिरवलं.

गाणं उठलं. मला गीताचे शब्द पाठ नव्हते. पहिली ओळ दुसऱ्यांदा आली, तेव्हा मीही गायलो.