निकाल लागल्यावर बोलणारे साडू

मुंबई इलाख्यात असा एकही न्यायाधीश झाला नसेल, ज्याचा निदान एक तरी निकाल माझ्या साडूंनी दहिवलीतल्या आपल्या ओट्यावर बसून फिरवला नाही. हायकोर्टाचे जज्ज असोत नाहीतर विलायतेत अपिलं ऐकणारे लॉर्ड असोत, साडू सगळ्यांना सारख्याच मायेनं चुकीचं ठरवीत. कुणाविषयी राग म्हणून नव्हता. "माणूस हुशार आहे हो मास्तर, पण तिसऱ्या मुद्द्यावर घसरला," असं ते मला सांगत, तेव्हा आपलाच भाऊ ओल्या पायरीवर पडल्यासारखा त्यांचा चेहरा होई. मुंबईचं वर्तमानपत्र सकाळच्या गाडीनं कर्जत स्टेशनात उतरे. ते घ्यायला साडू रोज नदी ओलांडून स्वतः येत आणि परतताना चालता चालता वाचत. या वाचनापायी त्यांच्या दोन छत्र्या आणि वहाणांचे किती जोड उल्हास नदीनं नेले, याचा हिशेब अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, कधीच सोडून दिला होता.

घरी आले की ओट्यावर भाष्य सुरू होई. ऐकायला कोण आहे हे ते पाहत नसत. कुंभार, पोस्टाचा शिपाई, दळण घेऊन निघालेल्या बाया, जो सापडेल त्याला राणीच्या जाहीरनाम्यातलं वचन आणि कौन्सिलानं केलेला कायदा यांचं कुठे जुळत नाही ते समजावीत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी दत्तकाच्या एका निकालावर असं काही निरूपण केलं, की वाढपी श्रीखंडाचं पातेलं हातात धरून उभाच राहिला आणि शेवटच्या रांगेला श्रीखंड पोचलंच नाही. त्या रांगेत नवऱ्या मुलाचे मामा होते. पुढे वर्षभर त्या दोन घरांत बोलणं नव्हतं. साडूंना मात्र वाटे, मामांना दत्तकाचा मुद्दा पटला नसावा.

आता कुणी विचारील, एवढा कायदा येत होता तर वकिली का केली नाही. सनद होती त्यांच्याकडे. तरुणपणी एकदा उभेही राहिले होते, पण कोर्टासमोर तोंडून शब्द फुटला नाही. निकाल लागला आणि मग त्यांना सगळं सुचलं. त्यांची बुद्धीच तशी होती. कुणीतरी आधी चुकल्याशिवाय ती जागी होत नसे. त्या दिवसापासून त्यांनी सनद पेटीत ठेवली आणि ओटा धरला.

एका फाल्गुनात पळसदरीच्या वरच्या वाडीतली एक ठाकरीण ओट्याशी येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्यानं राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागी जाळायला, ऐनाच्या फांद्या छाटल्या होत्या. जंगलाच्या शिपायानं त्याला सरकारी झाड तोडलं म्हणून धरलं होतं. ती म्हणाली, "दादा, झाड आमच्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीतलं हाय. राब नाय झाला तर रोप कुठं टाकायचं? तुमाला कायदा येतो म्हणत्यात. तुमी चला."

साडू तिला नाही म्हणतील असं मला वाटलं. ते आत गेले, पेटी उघडली, आणि सनद नीट उलगडून अक्कांकडे इस्त्रीला दिली.

सुनावणीला मीही बरोबर गेलो. कचेरी कुठली ते सांगत नाही. आमचे एक नातलग तिथे अजून कारकून आहेत. खालापूरच्या वाटेवर बैलगाडीत साडूंनी मला सगळा मुद्दा ऐकवला, इतका सुरेख की गाडीवानानंही मान डोलावली. कचेरीत मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आरोपीतर्फे काही सांगायचं आहे?" साडू उभे राहिले. पागोटं सारखं केलं. ओठ हलले. आवाज आला नाही. मॅजिस्ट्रेट भले गृहस्थ होते, ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी महिनाभराची कैद लिहिली आणि खाली सही केली.

पायरीवर येताच साडूंचा कंठ मोकळा झाला. "फांदी छाटणं म्हणजे झाड तोडणं नव्हे," ते म्हणाले. "तसं असेल तर गावातल्या प्रत्येक न्हाव्यावर खुनाचा खटला भरा. कायद्यातला शब्द पाहा, त्याचा हेतू पाहा." माणसं जमली. आतून शिरस्तेदार डोकावले. भाषण रंगत गेलं, आणि ती बाई त्यांच्यासमोर येऊन हळूच म्हणाली, "दादा, ह्ये आतमंदी का नाय बोललात?"

साडू थांबले. एवढ्या वर्षांत त्यांना अडवणारा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. तेवढ्यात मॅजिस्ट्रेट स्वतः दारात आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझी सही झाली. आता हे सगळं लिहून वरच्या कोर्टात पाठवा. लिहिताना तुमच्यासमोर कुणी बसलेलं नसेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र आणलं नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून त्यांनी अपील लिहिलं, आणि ते द्यायला स्वतः गाडीनं ठाण्याला गेले. पंधरा दिवसांत ठाकर सुटला. राबापुरता वेळ त्याच्या हाती राहिला.

पण वरच्या कोर्टानं फांदीच्या मुद्द्याला हातच लावला नव्हता. शिपायाला जंगलाची हद्द दाखवता आली नाही, एवढ्यावरच आरोपी सोडला होता. साडूंना हे सहन झालं नाही. आपल्याच बाजूनं लागलेल्या निकालावर त्यांनी वर्तमानपत्राला लांबलचक टीका पाठवली. "निकाल बरोबर, कारण चूक," ते मला म्हणाले. बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली, तेव्हा तिलाही त्यांनी हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मानूस घरला आला, दादा. मला दुसरं काय करायचंय?" साडू थोडा वेळ करवंदं निवडत बसले. मग म्हणाले, "मास्तर, हेही एक मत आहे. याला खोडून काढणं अवघड आहे."

त्यानंतर वाडीवरची माणसं अधूनमधून त्यांच्याकडे येत राहिली. ते कोर्टात कधी उभे राहिले नाहीत, पण अर्ज लिहून देत. अखेरच्या वर्षी त्यांची नजर गेली, तेव्हा शाळा सुटल्यावर मी दहिवलीला जाऊन त्यांना निकाल वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि मध्येच बोट वर करत. ते बोट वर झालं की मी थांबायचं आणि त्यांनी बोलायचं, असा आमचा रिवाज होता. एका संध्याकाळी मी एक मोठा निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बोट वर झालं नाही. झोप लागली असं समजून मी कागद घडी करू लागलो, तर ते म्हणाले, "जागा आहे मी. बरोबर लिहिलंय त्यानं."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या दारात निवडायचं सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, उठून आत गेल्या आणि साडूंच्या अंगावर घालायला शाल घेऊन आल्या.