अव्वांची दाढ

जगातल्या प्रत्येक आजारावर माझ्या बहिणीच्या सासूबाईंकडे एकच उपाय होता: आजारी माणसाला भेटायला जाणं. सोलापुरात कुणी दवाखान्यात दाखल झालं आणि त्या तिथं पोहोचल्या नाहीत, असं मी तरी ऐकलेलं नाही. सगळे त्यांना अव्वा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पेशंट ओळखीचा असलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या खाटेवरच्यालाही त्या गाव विचारायच्या, तो अक्कलकोटकडचा निघाला तर सरळ कन्नडमध्ये शिरायच्या आणि त्याच्याच आजारानं कोण कसं गेलं ते सविस्तर सांगायच्या. एकदा हर्नियाचा एक पेशंट अव्वा येऊन गेल्यावर ऑपरेशन न करताच घरी पळाला. "चांगलंच झालं की," अव्वा म्हणाल्या, "बिचाऱ्याची चिरफाड वाचली."

स्वतः आजारी पडणं मात्र त्यांना मंजूर नव्हतं. वय सत्तर, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तरी दिवसातून पाच-सहा वेळा खाली-वर. गेल्या वर्षी त्यांचा जबडा दुखायला लागला. महिनाभर त्या गालात लवंग धरून बोलत होत्या, त्यामुळं त्यांचं प्रत्येक वाक्य मसालेभातासारखं दरवळायचं. एका सकाळी मी बहिणीकडं गेलो, तर त्या चप्पल घालून तयार. "पावणं, दाढ पाडायला चला. पोरगा कामाला गेलाय, सुनंला सांगितलं तर उगं घाबरंल."

दातांच्या डॉक्टरांनी एकेक दात ठोकून पाहिला, फोटो काढला. सगळे ठणठणीत.

"कधी दुखतं, आजी?"

"जिना चढताना."

"दात जिना चढताना दुखत नाहीत. बसल्यावर थांबतं?"

"पयलं थांबायचं. कालपास्नं बसल्या जागी बी येतंय. डावा हात बी भरून येतोय."

डॉक्टरांनी हातातला छोटा आरसा खाली ठेवला, अव्वांना एक गोळी चावून खायला दिली आणि स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावली. त्यात आडवं व्हायला अव्वांनी साफ नकार दिला. "झोपून न्यायला मी काय मेले का?" असं विचारून त्या रस्ताभर ताठ बसल्या.

मोठ्या दवाखान्यात ईसीजी जवळजवळ बरा आला, रक्ताचा रिपोर्टही चांगला. अव्वा उठल्याच. "बगा, काय न्हाय. चला घरी." तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "आजी, अजून ॲटॅक आलेला नाही, एवढंच. हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झालीय, तिथं गुठळी धरायला लागलीय. आधी चढताना दुखायचं, आता बसून दुखतंय. म्हणजे ती नळी कधीही पूर्ण बंद होईल. याला अनस्टेबल अंजायना म्हणतात. घरी सोडणार नाही." रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली आणि अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी ठरली.

माझी बहीण आणि भावजी धावत आले, रडले, फॉर्मवर सह्या करायला गेले. तेवढ्या वेळात खाटेपाशी मी एकटाच होतो. इतक्या दवाखान्यांत फिरलेली ती बाई छताकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "पावणं, भ्या वाटायलंय हो." मी धीर द्यायला तोंड उघडलं. "काय बोलू नका," त्याच म्हणाल्या. "नुसतं बसा की हितं." मी बसलो. त्यांचा हात गार पडला होता.

एका नळीत स्टेंट बसला. चौथ्या दिवशी अव्वा घरी आल्या. आता सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत, जेवणात मीठ बेताचं आहे आणि त्यावरून सुनेशी रोजचं भांडणही आहे.

परवा त्यांच्याबरोबर जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या. दुखत नव्हतं, फक्त दम लागला होता. मीही थांबलो.

"तुमी जावा की पुढं."

"मलाही दम लागलाय," मी म्हणालो.

माझं खोटं त्यांना कळलं असणार. त्या माझ्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांचं वजन इतकं कमी झालंय, हे मला तेव्हाच जाणवलं.